हिऱ्याचा दागिना घेताना सर्टिफिकेट आणि बिल कसं वाचायचं

सराफाच्या पेढीवर सोन्याच्या काउंटरला आपण बऱ्यापैकी तयारीनिशी बसतो. आजचा भाव काय, मजुरी किती टक्के, घट धरताय का, जुन्याची मोड कशी घेणार, हे प्रश्न घरातल्या बायकांना पाठ असतात. तीच माणसं हिऱ्याच्या काउंटरला सरकली की गप्प होतात. समोरून ‘ईएफ व्हीव्हीएस’, ‘ट्रिपल एक्स’, ‘नॅचरल सर्टिफाइड’, ‘शंभर टक्के एक्सचेंज’ असं येत राहतं आणि आपण मान डोलावतो. सोन्यासारखा हिऱ्याचा भाव रोजच्या पेपरात छापून येत नाही, त्यामुळे पडताळायचं कशाशी, हाही प्रश्न असतो.

पडताळायला दोन कागद असतात, सर्टिफिकेट आणि बिल. हे दोन्ही वाचता आले की बरंचसं धुकं निवळतं. एक नियम मात्र सुरुवातीलाच धरून ठेवा: जो शब्द तोंडी सांगितला पण कागदावर आला नाही, त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

पायरी १: समोरचा खडा नक्की कोणता?

काउंटरवर चार वेगवेगळ्या वस्तूंना ‘डायमंड’ म्हटलं जातं.

पहिला नैसर्गिक हिरा, जमिनीतून निघालेला. दुसरा लॅब-ग्रोन. मुंबई-सुरतच्या बाजारात त्याला सरसकट ‘सीव्हीडी’ म्हणतात, पण सीव्हीडी ही तो बनवण्याची एक पद्धत झाली, दुसरी एचपीएचटी. लॅब-ग्रोन हा खोटा हिरा नव्हे. तोही कार्बनच, कठीणपणा तोच, चमक तीच. नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगाने तो नैसर्गिकपासून ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात. फरक आहे तो किमतीत आणि पुढे मोडीला काय मिळेल यात, आणि हा फरक प्रचंड आहे. म्हणून बिलावर ‘डायमंड’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. ‘नॅचरल डायमंड’ किंवा ‘लॅब-ग्रोन डायमंड’ असं पूर्ण लिहून घ्या.

तिसरा मॉइसनाइट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. १८९३ मध्ये आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ॲरिझोनातल्या उल्कापाताच्या जागी तो प्रथम सापडला. आज दागिन्यांत येतो तो कारखान्यातलाच. हिऱ्यापेक्षा त्याच्यातून सप्तरंग जास्त उसळतात, आणि मोठ्या खड्यात ते जरा डिस्कोच्या दिव्यासारखं दिसतं. चौथा आपला जुना ओळखीचा ‘अमेरिकन डायमंड’ उर्फ एडी. तो क्युबिक झिरकोनिया असतो. हिरा तर तो नाहीच, अमेरिकेशीही त्याचा काही संबंध नाही.

दुकानदार पेनासारखं यंत्र खड्याला टेकवतो आणि पीं वाजलं की ‘बघा, असली’ म्हणतो. ते साधं यंत्र उष्णता किती वेगाने पसरते एवढंच मोजतं. त्याने एडी पकडला जातो, मॉइसनाइट मात्र बऱ्याचदा सुटतो आणि लॅब-ग्रोन हिरा तर हमखास पास होतो, कारण तो हिराच आहे. त्या आवाजावर विसंबून नैसर्गिक हिऱ्याचे पैसे मोजू नका.

पायरी २: कॅरेट दोन, हिशेब दोन

मराठीत बोलताना दोन्हीला आपण कॅरेटच म्हणतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता: चोवीस भागांत किती भाग सोनं. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन: १ कॅरेट = २०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. त्या कॅरेटचे शंभर भाग केले की एक सेंट. ‘तीस सेंटचा खडा’ म्हणजे ०.३० कॅरेट. एकाच बिलावर ‘१८ कॅरेट’ आणि ‘०.५० कॅरेट’ असे दोन आकडे दिसले तर बिचकू नका. पहिला सोन्याचा, दुसरा हिऱ्याचा.

आता खरा मुद्दा. हिऱ्याचा भाव ‘पर कॅरेट’ असतो आणि खडा मोठा होत जाईल तसा हा भावच वाढतो. दहा-दहा सेंटच्या दहा खड्यांचं वजन एक कॅरेट भरलं तरी त्यांची किंमत एक कॅरेटच्या एका खड्याच्या जवळपासही जात नाही. ०.३०, ०.५०, ०.७०, १.०० अशा ठरावीक टप्प्यांवर भाव उडी घेतो. म्हणून ४७-४८ सेंटचा खडा मिळाला तर जरूर बघा. पन्नास सेंटच्या खड्यात आणि त्याच्यात बोटावर फरक दिसत नाही, बिलात दिसतो.

जाहिरातीतली ‘एक कॅरेटची अंगठी’ वाचताना ‘टोटल डायमंड वेट’ हे शब्द शोधा. ते असले तर एक कॅरेट हे सगळ्या बारीकसारीक खड्यांचं मिळून वजन आहे.

पायरी ३: रंग आणि शुद्धता, जिथे आपण उगाच जास्त मोजतो

आज जगभर चालणारी रंग-शुद्धतेची भाषा अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने रूढ केली. संस्था १९३१ ची, ही मोजपट्टी १९५० च्या दशकातली. रंगाची पट्टी डी पासून झेडपर्यंत जाते. ए-बी-सी मुद्दाम वगळले, कारण तेव्हाचे व्यापारी ती अक्षरं आपापल्या अर्थाने वापरत होते. डी-ई-एफ म्हणजे रंगहीन, जी ते जे जवळजवळ रंगहीन, त्यापुढे पिवळसर झाक वाढत जाते.

शुद्धता दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, म्हणजे लूपखाली ठरते. वरून खाली क्रम असा: एफएल (पूर्ण निर्दोष), आयएफ (आतून निर्दोष), व्हीव्हीएस १ व २, व्हीएस १ व २, एसआय १ व २, आय १ ते ३. व्हीव्हीएस म्हणजे आतला दोष लूपखाली तज्ज्ञालाही महत्प्रयासाने दिसेल असा. आय म्हणजे बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना दिसेल असा. एसआय सीमेवरचा आहे, तो सरसकट नाकारू नका, खडा हातात घेऊन बघा. वरून पाहताना नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नाही तर व्यापारी त्याला ‘आय क्लीन’ म्हणतात (इथला ‘आय’ म्हणजे डोळा, श्रेणी नव्हे).

मराठी घरांत ‘ईएफ व्हीव्हीएसच पाहिजे’ असा एक हट्ट बसलेला दिसतो. माझं स्पष्ट मत असं की मंगळसूत्राच्या पेंडंटमधल्या दोन-तीन सेंटच्या खड्यांत व्हीव्हीएस आणि व्हीएसमधला फरक ती घालणाऱ्याला किंवा समोरच्याला कधीही दिसणार नाही. पिवळ्या सोन्यात बसवलेल्या खड्याला तर सोन्याची झाक येतेच, तिथे डी-ई रंगासाठी जादा पैसे कशाला? जी-एच रंग आणि व्हीएस शुद्धता बहुतेकांना पुरते. मोठा सॉलिटेअर, म्हणजे एकटाच बसवलेला खडा, पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये घेणार असाल तर रंगाला जरूर महत्त्व द्या. या सगळ्यातून वाचलेले पैसे पुढच्या पायरीत घाला.

पायरी ४: कट, म्हणजे खड्याचा जीव

कट म्हणजे आकार नव्हे. गोल, ओव्हल, पेअर, प्रिन्सेस, एमराल्ड हे आकार. कट म्हणजे पैलू कोणत्या प्रमाणात आणि कोनात पाडलेत, आत शिरलेला उजेड वरून परत येतो की खालून निसटतो. डी रंगाचा, एफएल शुद्धतेचा खडा वाईट कटला तर काचेसारखा मंद दिसतो. चांगल्या कटचा एच-व्हीएस त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

सर्टिफिकेटवर खड्याच्या भागांची नावं येतात ती अशी: वरचा सपाट मोठा पैलू टेबल, टेबलपासून कडेपर्यंतचा उतार क्राऊन, सर्वांत रुंद कड गर्डल, त्याखालचा निमुळता भाग पॅव्हेलियन आणि तळाचं टोक क्युलेट. गोल ब्रिलियंटला ५७ पैलू, क्युलेटही पैलू असेल तर ५८. त्यांच्या कोनांचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की या बेल्जियन हिरेतज्ज्ञाने १९१९ मध्ये मांडलं.

वजन राखायचं की चमक वाढवायची, हा पैलू पाडणाऱ्याचा कायमचा पेच. त्याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच भागातलं आहे. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातला नाशिकचा हिरा पेशवाई संपताना ब्रिटिशांच्या हाती लागला. जुन्या हिंदुस्थानी पद्धतीच्या कटात त्याचं वजन ८९ कॅरेटच्या घरात होतं. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने त्याचे पैलू नव्याने पाडले तेव्हा ते ८० च्या आसपास आलं. १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने तो घेऊन पुन्हा कापला आणि ४३.३८ कॅरेटवर आणला. निम्मं वजन गेलं, पण तो निर्दोष ठरला.

दुकानात मिळणाऱ्या खड्यात याच पेचाची उलटी बाजू दिसते. वजन वाढावं म्हणून खडा खोल ठेवलेला असतो. पकडायचं कसं? सर्टिफिकेटवरची मिलिमीटरमधली मापं बघा. नीट कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिमी व्यासाचा असतो, पन्नास सेंटचा ५.१ च्या आसपास, तीस सेंटचा ४.३. एक कॅरेटचा खडा ६.१ मिमीच भरत असेल तर उरलेलं वजन पोटात लपलंय. ते वरून दिसणार नाही, पैसे मात्र पूर्ण कॅरेटचे जातील. गोल खड्यात ‘डेप्थ’ (व्यासाच्या तुलनेत खोली) ५९ ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर साधारण निर्धास्त राहा.

‘ट्रिपल एक्स’ म्हणजे कट, पॉलिश आणि सिमेट्री तिन्हीला एक्सलंट. यात एक मेख आहे. जीआयए कटची श्रेणी फक्त गोल ब्रिलियंटला देते. ओव्हल किंवा पेअर दाखवून कोणी ‘जीआयए ट्रिपल एक्स’ म्हणालं तर कागद मागा. त्यावर पॉलिश आणि सिमेट्री सापडेल, कट नाही.

पायरी ५: सर्टिफिकेट कोणी दिलं आणि त्यावर काय नाही

मोठ्या एकट्या खड्यासाठी जीआयए किंवा आयजीआय या प्रयोगशाळेचा रिपोर्ट असतो. रिपोर्टचा नंबर संस्थेच्या वेबसाइटवर घालून तिथेच काउंटरवर तपासा. बहुतेक सॉलिटेअरच्या गर्डलवर हा नंबर लेझरने कोरलेला असतो. लूप मागा आणि स्वतः वाचा. दुकानदाराने नाक मुरडलं तरी चालेल.

बारीक खड्यांच्या दागिन्याला मिळतं ते दागिन्याचं सर्टिफिकेट. त्यात ‘ई-एफ, व्हीव्हीएस-व्हीएस’ अशी पट्ट्याने श्रेणी येते. ती सगळ्या खड्यांची मिळून, तीही खडे सोन्यात बसलेले असताना जेवढं दिसलं त्यावरून दिलेली असते. सुट्या खड्याच्या रिपोर्टइतकं वजन तिला देऊ नका. लॅब-ग्रोनच्या बाबतीत जीआयएने २०२५ मध्ये नैसर्गिकांची रंग-शुद्धतेची पट्टी वापरणं सोडलं. आता ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ एवढेच वर्ग. जुन्या आणि नव्या रिपोर्टची तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

फ्लुओरेसन्सची ओळ वाचायची राहून जाते. अतिनील प्रकाशात काही हिरे निळसर चमकतात. ‘नन’ (अजिबात नाही) किंवा ‘फेंट’ (पुसट) असेल तर विषय संपला. ‘स्ट्राँग’ असेल तर काही खडे उन्हात धुरकट दिसतात, म्हणून असा खडा स्वस्त मिळायला हवा. दुकानाच्या झगमगत्या दिव्यांखाली हे कळत नाही, खडा दारापाशी उजेडात नेऊन बघा.

शेवटचा शब्द थेट हिरेबाजारातला: ‘नो बीजीएम’. ब्राऊन, ग्रीन, मिल्की. खड्यात तपकिरी किंवा हिरवट झाक नाही आणि दुधाळपणा नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये व्यापारी एकमेकांना हे आधी विचारतात, कारण दुधाळपणा सर्टिफिकेटवर सरळ शब्दात येतोच असं नाही. तुम्हीही विचारा. ग्राहकाच्या तोंडून ‘बीजीएम आहे का?’ आलं की समोरच्याची बसण्याची पद्धत बदलते.

पायरी ६: सोनं आणि घडण

हॉलमार्कवर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. हा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे आणि ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घातला की दागिन्याची नोंद दिसते. हिऱ्याच्या दागिन्यात बहुधा १८के७५० किंवा १४के५८५ असतं. २२ कॅरेट सोनं मऊ, खडा घट्ट धरून ठेवायला १८ बरं. आणि हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो. ‘हॉलमार्क्ड डायमंड’ असं कोणी म्हणालं तर त्याला खड्याबद्दल काहीच अर्थ नाही.

सोनं कमी शुद्धतेचं निघालं तर शुद्धतेतल्या फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद बीआयएसच्या नियमांत आहे. कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिन्यांना, तसंच दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना सक्तीच्या हॉलमार्कमधून सूट आहे. हिऱ्याची चमकी त्यातच बसते. पोलकी म्हणजे आधुनिक पैलू न पाडलेला हिरा. जडाऊ कामात त्याच्या मागे लाख भरलेली असते, ती काट्यावर सोन्याबरोबर तोलली जाते.

व्हाइट गोल्डवर ऱ्होडियमचा मुलामा असतो. रोज वापरलेल्या अंगठीचा तो झिजतो आणि खालून पिवळट रंग डोकावतो. पुन्हा मुलामा फुकट करून देणार का, ते आधीच विचारा.

घडणीत ‘प्रॉन्ग’ म्हणजे सोन्याच्या बारीक नखांनी धरलेला खडा, ‘बेझेल’ म्हणजे भोवती सोन्याची पट्टी, रोजच्या वापराला जास्त टिकाऊ. ‘इल्युजन’ किंवा ‘प्रेशर’ सेटिंगमध्ये अनेक लहान खडे किंवा कापलेली चकचकीत पट्टी मिळून एक मोठा सॉलिटेअर वाटतो. दिसायला छान, किंमत मात्र लहान खड्यांचीच असायला हवी.

पायरी ७: बिल, ओळीने ओळ

एका अंगठीचा हिशेब करून बघू. हिशेब सोपा जावा म्हणून भाव गोळाबेरीज धरलेत, बाजाराचे नाहीत. अंगठीचं ग्रॉस, म्हणजे खड्यांसकट, वजन ४.२६० ग्रॅम. मधला खडा ०.५० कॅरेट, बाजूचे बारीक मिळून ०.३० कॅरेट, एकूण ०.८० कॅरेट. कॅरेटला पाचने भागलं की ग्रॅम: ०.१६०. म्हणून सोन्याचं नेट वजन ४.१०० ग्रॅम.

चोवीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरला तर १८ कॅरेटचा ७,५००. सोनं झालं ३०,७५०. इथे कोणी २२ कॅरेटचा भाव, म्हणजे ९,१६०, लावला तर तीच ओळ ३७,५५६ होते. सहा हजार आठशेचा फरक, आणि घाईत असा भाव लागून गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

मधला खडा १,२०,००० पर कॅरेटने ६०,०००. बारीक खडे ६०,००० पर कॅरेटने १८,०००. हिऱ्याचे मिळून ७८,०००. बिलावर ‘डायमंड ०.८० कॅरेट’ अशी एकच ओळ असेल आणि सगळ्याला मधल्या खड्याचा भाव लागला असेल तर हीच रक्कम ९६,००० होते. म्हणून मोठा खडा आणि बारीक खडे यांच्या दोन ओळी वेगळ्या हव्यात, हा आग्रह सोडू नका.

मजुरी ग्रॅमला १,००० धरली तर ४,१००, आणि ती नेट वजनावर. बेरीज १,१२,८५०. त्यावर ३ टक्के जीएसटी ३,३८५.५०. एकूण १,१६,२३५.५०, शिवाय हॉलमार्किंगचं किरकोळ शुल्क. हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या बिलात नेट वजन, शुद्धता आणि हे शुल्क वेगळं दाखवणं बीआयएसच्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

मंगळसूत्र असेल तर काळ्या मण्यांचं वजन कुठे गेलं ते विचारा. ते ग्रॉसमध्ये येतं, नेटमधून वजा झालं पाहिजे. कुडीच्या फिरकीचं सोनं मात्र नेटमध्येच राहतं. ती हॉलमार्कइतक्याच शुद्धतेची आहे का, हे विचारून घ्या.

पायरी ८: मोड आणि बायबॅक

‘शंभर टक्के एक्सचेंज’ कशाच्या शंभर टक्के, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या. बिलातल्या हिऱ्याच्या किमतीच्या की त्या दिवशीच्या भावाच्या? एक्सचेंज म्हणजे त्याच दुकानात दुसरा दागिना, बायबॅक म्हणजे रोख, आणि दोन्हीचे टक्के निराळे असतात. मजुरी आणि जीएसटी परत येत नाही. लॅब-ग्रोनला बायबॅक आहे का हा प्रश्न वेगळा विचारा, बरेच सराफ तो देत नाहीत. सर्टिफिकेट हरवलं तर किती कापणार, हेही.

बिल आणि सर्टिफिकेट दोन्हीचे फोटो काढून ठेवा. वर्षातून एकदा दागिना तपासायला न्या. घरीही अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारून बघता येतं. किणकिण ऐकू आली तर खडा सैल झालाय, तेव्हा अंगठी लगेच काढून ठेवा. दुरुस्तीला देताना पावतीवर खड्याचं वजन आणि गर्डलवरचा नंबर लिहून घ्या, आणि परत घेताना लूपखाली तोच नंबर वाचा.